पिवळ्या पानाचा खरा रंग

सोयाबीन पिवळे पडले की शेतकरी बंधू मोबाइलवर फोटो धाडतात आणि विचारतात, "साहेब, काय फवारू?" फोटोच फसवा असेल तर सल्लाही फसतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी. हिरवे-पिवळे चट्टे म्हणजे पांढऱ्या माशीने आणलेला मोझॅक. तिन्हींचा इलाज वेगळा, खर्चही वेगळा.

कॅमेरा रंग आपल्या मनाने ठरवतो, घोळ तिथेच. बऱ्याच फोनांत 'प्रो' मोड असतो. त्यात व्हाइट बॅलन्स उन्हात ५५०० केल्विनच्या आसपास ठेवा, ढगाळ असेल तर ६५००. पानाशेजारी पांढरा कागद धरा; तो पिवळसर दिसला तर आकडा उतरवा. वाऱ्यात पान हलणारच, म्हणून शटर १/५०० सेकंद. फोटो काळा आला तर आयएसओ १०० वरून २००, ४०० असा चढवा. फार चढवला की फोटोत दाणे येतात अन् शिरा दिसेनाशा होतात.

आणखी एक फोटो अख्ख्या झाडाचा काढा. नुसत्या पानावरून ते शेंड्याचे की बुडाचे, आम्हाला इथे बसून कळत नाही.