हौद्याची माती

बेसबॉलच्या मैदानालगत जमिनीत खोल बांधलेल्या 'डगआऊट' नामक निवाऱ्याच्या उगमाविषयी लिहावे, अशी सूचना आमच्या संपादकांनी केली, तेव्हा खेळासाठी मनुष्य जमीन का खणतो, या मूळ प्रश्नाचा शोध मला वऱ्हाडातच घ्यावासा वाटला. अमेरिकेत त्याचे उत्तर प्रेक्षकांच्या सोयीत सापडते. मागे बसलेल्यांची दृष्टी अडू नये म्हणून खेळाडूंचे बाक जमिनीखाली गेले, आणि 1909 साली पिट्सबर्ग व फिलाडेल्फिया येथे उभ्या राहिलेल्या लोखंड-काँक्रीटच्या क्रीडांगणांच्या काळात ही रचना रूढ होत गेली. स्कॉटलंडमधील ॲबरडीन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक डोनाल्ड कोलमन यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यान असाच खड्डा करवून घेतला, तो खेळाडूंची पावले जवळून न्याहाळता यावीत म्हणून. आमच्या आखाड्यातील हौदा मात्र पडणाऱ्यासाठी खणलेला असतो.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा इतिहास वऱ्हाडात सर्वश्रुत आहे. अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी 1914 साली स्थापिलेल्या या संस्थेने आखाड्यातील विद्येला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले, आणि 1936 साली तिच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. हे सारे दप्तरी नोंदलेले आहे; माझे चित्त गुंतले ते ज्या साध्या खड्ड्यात ही विद्या पिढ्यान् पिढ्या घडली, त्याच्यात.

वऱ्हाडाची काळी जमीन कपाशीला वरदान, पण मल्लाला प्रतिकूल. पावसाळ्यात ती फुगून चिकट होते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिची वाळलेली ढेकळे अंग सोलून काढतात. म्हणून येथे हौदा करणे म्हणजे काळी माती उपसून काढणे, बाहेरून आणलेली तांबडी माती चाळून, खडा न खडा वेचून त्या जागी भरणे, आणि तिच्यात काव, हळद, ताक, लिंबाचा रस व तेल मुरविणे होय.

एवढ्यानेही काम संपत नाही. कारण पायांखाली तुडवली गेलेली माती पुन्हा घट्ट बसते. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या बाजूस, एक वृद्ध वस्ताद पहाटे पठ्ठ्यांकडून हौदा खणून घेत होते. जोर-बैठकांपूर्वी प्रत्येकाने फावडे हाती घ्यावे, ढेकूळ दिसेल ते फोडावे आणि शेवटी फळी ओढून माती सारखी करावी, हा त्यांचा दंडक. स्वतः काठावर उभे राहून, कोणाचे फावडे उथळ चालते, कोण कमरेचा जोर न लावता नुसत्या खांद्याने ओढतो, हे ते निरखीत, आणि त्यावरून त्या दिवशीच्या जोड्या ठरवीत. कुस्तीची पहिली परीक्षा खणण्यातच होते, हे त्यांचे शास्त्र मला अत्यंत आदरणीय वाटले.

आज या शास्त्रावर संकट आहे. ऑलिंपिकची कुस्ती नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात, गादीवर होते. मातीत पाय रुततो आणि डाव सावकाश पिकतो. गादीवर चपळाईला आणि गुणांना महत्त्व. 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव मातीत घडले, तरी त्यांना तेथे गादीवरच लढावे लागले. 1961 पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी या दोन्ही विभागांतील विजेते अंतिम फेरीत समोरासमोर येतात, ही तडजोड सुज्ञपणाची आहे. गादीला विरोध करणे म्हणजे आपल्या मुलांना जगाचे दार बंद करणे होईल.

परंतु गादी एकदा खरेदी केली की काही वर्षे निभावते. हौदा रोज पहाटे पुन्हा करावा लागतो. तांबड्या मातीची वाहतूक महाग, शहरातील मोकळी जागा दुर्मिळ, तरुणांचा ओढा यंत्रांच्या व्यायामशाळांकडे, आणि वस्तादाची उपजीविका बहुधा पठ्ठ्यांच्या गुरुदक्षिणेवर. अंदाजपत्रकात इमारतीची व साहित्याची रक्कम सहज मांडता येते. खणण्याचे मोल कोणत्या रकान्यात मांडावे? ज्या आखाड्यात माणसे खणावयास येत नाहीत, तेथील माती दगडासारखी होते, आणि मग त्या कठीण मातीकडे बोट दाखवूनच तो आखाडा निरुपयोगी ठरविला जातो.

म्हणून माझी मागणी नव्या वास्तूची नाही. वस्तादांना नियमित वेतनाची तरतूद व्हावी, हौद्याच्या मातीचा खर्च क्रीडासाहित्यात धरला जावा, आणि गादीवर उतरणाऱ्या मुलामुलींनाही फावड्याचा नेम असावा. आपण ज्यावर पडणार ती जमीन आपल्याच हातांनी मऊ करण्याची सवय ज्याला लागली, तो प्रतिस्पर्ध्याला जपून पाडावयासही शिकतो. आणि असे शिक्षण स्वस्तात मिळत असताना ते गमाविणे वऱ्हाडाला परवडणारे नाही.