उशिरा भेटलेला श्रोता

मागणी-पुरवठ्याचा धडा शिकविताना दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारतो, ''सर, माल खरोखर चांगला असेल तर तो शेवटी खपतोच ना?'' पाठ्यपुस्तकाचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु त्या प्रश्नातील 'शेवटी' हा शब्द फार महाग आहे. तो किती महाग, हे एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेच्या कहाणीवरून चांगले कळते.

चर्चमधील सामूहिक गायन आणि 'ऱ्हिदम अँड ब्लूज' यांच्या संगमातून कृष्णवर्णीय अमेरिकनांचे 'सोल' संगीत जन्मास आले. या परंपरेतील शुगी ओटिस हा लॉस एंजलिसचा वादक-गायक. त्याचा जन्म १९५३ चा. वडील जॉनी ओटिस हे स्वतः नामवंत वाद्यवृंदप्रमुख. १९७४ साली, वयाची एकविशी पूर्ण होण्याच्या सुमारास, 'एपिक' कंपनीने त्याची 'इन्स्पिरेशन इन्फर्मेशन' ही ध्वनिमुद्रिका काढली. गाणी त्याची, स्वररचना त्याची, आणि तंतुवाद्यवृंद व फुंकवाद्ये सोडल्यास बहुतेक वाद्येही त्यानेच वाजविलेली. तालासाठी काही ठिकाणी त्याने यंत्राचा उपयोग केला होता. त्या काळी ती नवलाईची गोष्ट होती. ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. थोड्याच काळात कंपनीने त्याच्याशी असलेला संबंध संपविला.

त्याच्या गाण्यांना मागणीच नव्हती काय? तसे म्हणता येत नाही. त्याने १९७१ च्या 'फ्रीडम फ्लाइट'मध्ये गायिलेले 'स्ट्रॉबेरी लेटर २३' हे गीत १९७७ साली 'ब्रदर्स जॉन्सन' या जोडीने पुन्हा गायिले. क्विन्सी जोन्स यांनी निर्मिलेली ती आवृत्ती अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचली. अमेरिकन कायद्यात गीतरचना ही एक मालमत्ता आणि तिचे ध्वनिमुद्रण ही दुसरी. पहिलीला बाजारात गिऱ्हाईक मिळाले. दुसरी मात्र कंपनीच्या कोठारात पडून राहिली.

ती बाहेर आली २००१ साली, म्हणजे २७ वर्षांनी. 'टॉकिंग हेड्स'चे डेव्हिड बर्न यांनी स्थापन केलेल्या 'लुआका बॉप' या छोट्या कंपनीने 'फ्रीडम फ्लाइट'मधील चार गाण्यांची जोड देऊन तिची नवी आवृत्ती काढली. समीक्षकांनी तिचे स्वागत केले आणि जे श्रोते १९७४ साली जन्मलेही नव्हते, त्यांना ती आपलीशी वाटली. मधल्या काळात यांत्रिक ताल सर्वांच्या कानांच्या सवयीचा झाला होता. आवड ही पूर्वनिश्चित असते, असे आपण वर्गात गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती घडत जाते. शिवाय ध्वनिमुद्रणाचा खर्च कधीच होऊन गेलेला होता. अशा बुडीत खर्चाचा भार नव्या आवृत्तीवर पडत नाही. म्हणूनच मोठ्या कंपनीस न परवडणारा श्रोतृवर्ग छोट्या कंपनीस पुरतो.

यावरून कोणी म्हणेल, बाजारपेठेने विलंब लावला, पण न्याय दिला. हा निष्कर्ष मला मान्य नाही. पहिली गोष्ट अशी की, आपण मोजतो ती केवळ सापडलेली रत्ने. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या 'युनिव्हर्सल' स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि तेथील कोठारातील मूळ ध्वनिफिती मोठ्या संख्येने जळाल्या. हानी किती व्यापक होती, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१९ साली प्रसिद्ध केले तेव्हा कुठे लोकांस उमगले. ज्याची मूळ फीत जळली त्याला तशी नवी आवृत्ती कोठून मिळणार? ओटिसची फीत वाचली, ही बाजारपेठेची किमया नव्हे. ती कोठाराची आणि योगायोगाची कृपा होय.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. माल टिकतो, कारागिराची वर्षे टिकत नाहीत. श्रम हा साठवून ठेवता न येणारा घटक आहे, हे अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी सांगितले जाते. ओटिसने काम थांबविले होते, असेही नाही. २०१३ साली 'विंग्ज ऑफ लव्ह' हा त्याच्या अप्रकाशित गाण्यांचा संग्रह निघाला. त्यातील बरीचशी गाणी १९७५ ते १९९० या काळातली होती. कंपनीचा दरवाजा बंद असताना हा माणूस गातच होता. एकविशीत मिळावयाचा प्रतिसाद सत्तेचाळिशीत मिळाला, तेव्हा २००१ च्या श्रोत्याने १९७४ च्या गाण्याची किंमत चुकती केली. परंतु त्या प्रतिसादाच्या बळावर मधल्या वर्षांत जे संगीत निर्माण झाले असते, त्याचे देणे कोणी आणि कोठे फेडावयाचे? जमाखर्चाच्या कोणत्याही वहीत त्यासाठी रकाना नाही.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी आता एवढेच सांगतो: चांगला माल शेवटी खपू शकतो, पण त्यासाठी तो आधी टिकावा लागतो; आणि टिकविण्याचे काम भाव ठरविणारा बाजार आपण होऊन करीत नाही. ते अभिलेखागारांचे, ग्रंथालयांचे, जुन्या तबकड्या जपणाऱ्या हौशी संग्राहकांचे काम आहे. त्यांच्यावरील खर्चास अनुत्पादक म्हणणाऱ्यांनी ती २७ वर्षे आठवावीत. बाजाराची चूक उशिरा का होईना दुरुस्त झाली, ती कोणीतरी एक फीत फेकून दिली नव्हती म्हणून!