ख्रिस्ती म्हणवून घेण्यासाठी काय मानावे लागते?



नाताळ जवळ आला की हा प्रश्न शाळेत हमखास निघतो. बेळगावात कॅथलिक आहेत, मेथडिस्ट आहेत. एक मेरीमातेची प्रार्थना करतो, दुसरा करत नाही. मग दोघेही ख्रिस्ती कसे?

बहुतेक चर्च ज्या गोष्टी आवश्यक मानतात, त्या थोड्याच आहेत. देव एकच, पण तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा त्रैक्य आहे. येशू हा पूर्ण देव व पूर्ण मनुष्य. तो वधस्तंभावर मरण पावला व तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला. त्याच्यामुळे पापांची क्षमा मिळते. येशूच्या देवत्वाचा वाद इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथील परिषदेत झाला. ते गाव आज तुर्कस्तानात आहे. पोपचा अधिकार, बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, हे वाद त्या मानाने दुय्यम.

पण यातले एखादे कलम मनाला पटले नाही तर? हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी विचारला होता. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी व लहानग्या मनोरमाने बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी स्पष्ट कळवले की येशूला आपण तारणारा मानतो, पण त्रैक्याचा सिद्धांत बायबलात आपल्याला सापडत नाही. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. रमाबाईंचे म्हणणे असे की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसऱ्याचे का घेऊ? आपण स्वतः जे मानत नाही ते मनोरमाला शिकवू नये, असाही त्यांचा आग्रह होता. शाळा चालवणाऱ्याला हा मुद्दा विचारात पाडणारा आहे.

शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रूसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. भाषेचा हा मुद्दा सीमाभागातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही!

तेव्हा त्या ख्रिस्ती होत्या का? चर्चच्या कसोटीने अपुऱ्या, स्वतःच्या मते पूर्ण. माझे मत विचाराल तर, न पटलेल्या शब्दांना मान डोलावली नाही, यातच त्यांची श्रद्धा खरी दिसते. पुढे त्यांचे विचार बदलले. भारतात परतल्यावर काही वर्षांनी येशूशी आपले नाते खऱ्या अर्थाने जुळले आणि त्याआधी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. हा बदल कोणाच्या दटावणीने झाला नव्हता.

त्यानंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या. १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळवण्याचे काम मिशनमधल्या स्त्रियांनीच केले होते.