बागेंतील कोरडा ओढा



शनिशिंगणापूरचें नांव काढलें, कीं कवाडें नसलेलीं घरें आणि उघड्या चौथऱ्यावरील काळी शिळा हीं दोन चित्रें बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्याच गांवच्या आख्यायिकेंत तिसरेंहि एक चित्र आहे. ती शिळा पानस नाल्याच्या पुरांतून वाहत आली, असें परंपरा सांगते. त्या कथेची शहानिशा करण्याचें आज प्रयोजन नाहीं. परंतु या मुलखाचा स्वभाव तींत नेमका उतरला आहे. अहिल्यानगर, म्हणजे 2024 पर्यंतचा अहमदनगर जिल्हा. त्यांतील नेवासें तालुका पर्जन्यछायेंत मोडतो. येथें वर्षाकाठीं साधारणतः 500 ते 600 मिलिमीटर पाऊस होतो, आणि त्यांतील मोठा वांटा सप्टेंबरांतील कांहीं जोरदार सरींत येतो. म्हणून येथील ओढे वर्षांतील बहुतेक महिने कोरडे असतात, आणि ज्या दिवशीं वाहतात त्या दिवशीं धोंडे लोटीत नेतात.

असा कोरडा ओढा घराच्या बागेंत मुद्दाम कां करावा व तो कसा करावा, हा आजचा विषय आहे.

दगडांनीं पाण्याचा भास निर्माण करण्याची कला जपान्यांनीं फार जोपासली. क्योतो येथील र्‍योआन्-जी मठाच्या अंगणांत पांढऱ्या खडीच्या पटांगणावर 15 शिळा मांडलेल्या आहेत. तेथें पाण्याचा थेंबहि वाहत नाहीं. तो ओढा डोळ्यांनीं पाहण्यासाठीं व मनानें ऐकण्यासाठीं आहे. आपल्या ओढ्याचें काम निराळें. तो आठ महिने शोभा देईल; पण उरलेल्या चार महिन्यांत त्यानें पाणी वाहून नेलेंच पाहिजे.

किती पाणी, याचा हिशेब शाळेंतील मुलासहि जमेल. गच्चीचें क्षेत्रफळ 100 चौरस मीटर असेल, आणि एका सरीत 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर 2500 लिटर पाणी जमतें. म्हणजे 200 लिटरचीं साडेबारा पिंपें. हें सारें पाणी पन्हळींतून एकाच कोपऱ्यांत पडतें, वाफ्यांतील माती उकरतें आणि रस्त्यावरील गटारांत जातें. पुढें एप्रिलांत तेंच घर टँकरची वाट पाहतें. याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गांवांनीं समतल चर आणि नालाबांध घालून धांवतें पाणी चालतें केलें, चालतें पाणी थांबविलें व थांबलेलें पाणी जमिनींत मुरविलें. बागेंतील ओढा ही त्याच तत्त्वाची घरगुती आवृत्ति होय.

प्रथम पावसांत उभें राहून पाणी आपण होऊन कोणत्या बाजूस जातें तें पाहावें, आणि त्याच वाटेवर ओढा आखावा. तो सरळ आखूं नये. दोन सौम्य वळणें दिल्यास वेग कमी होतो. घराच्या पायापासून ओढा 10 फूट तरी दूर असावा. काळी माती ओली झाली म्हणजे फुगते, वाळली म्हणजे भेगाळते. पायालगत पाणी मुरविल्यास भिंतींना तडे जाण्याचें भय असतें. एवढें अंतर मिळत नसेल, तर तेवढ्या टप्प्यांत पाणी बंद नळींतून पुढें न्यावें.

रुंदी तीन फूट असल्यास मध्यभागीं खोली दीड फुटाच्या आंत ठेवावी आणि कांठ उतरते करावे. दर दहा फुटांस दोन इंच इतका उतार पुरे. गवंड्याजवळ पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. तिनें उतार मोजतां येतो. तळाशीं मुरमाचा थर द्यावा. सिमेंट किंवा प्लॅस्टिकचा कागद घालूं नये; तसें केल्यास ओढा न राहतां मोरी होते.

दगड मांडतांना खऱ्या ओढ्यास गुरु करावें. वळणाच्या बाहेरील अंगास पाण्याचा मारा अधिक, म्हणून तेथें मोठे धोंडे असतात. आंतल्या अंगास बारीक वाळू सांचते. आपणहि तसेंच करावें. मोठा धोंडा एकतृतीयांश जमिनींत पुरावा, नाहीं तर पहिल्याच पुरांत तो हलतो. पन्हळीचें पाणी पडतें तेथें एक सपाट फरशी ठेवावी. सहा-सात फुटांवर दगडांची एक आडवी बुटकी रांग घालावी. दगडासाठीं नदीचें पात्र उपसूं नये. विनापरवाना तसें करणें गुन्हाहि आहे. विहिरीच्या खोदाईंतून निघालेला काळा दगड त्याहून शोभतो व त्या मातीशीं जुळतो.

ओढा जेथें संपतो तेथें मुरूम लागेपर्यंत शोषखड्डा घ्यावा. एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा दगडांनीं भरल्यावर फटींत जेमतेम 350 लिटर पाणी मावतें. म्हणून उरलेल्या पाण्यास बाहेर जाण्याची वाट आधींच ठेवावी, आणि ती शेजाऱ्याच्या कुंपणाकडे नसावी. खड्डा भरण्यापूर्वीं त्यांत पाणी ओतून पाहावें. दुसऱ्या दिवशीं तें तसेंच उभें दिसलें, तर जागा बदलावी. सांचलेल्या पाण्यांत आठवड्याभरांत डांस तयार होतात. मोरीचें किंवा संडासाचें पाणी या वाटेनें कधींहि सोडूं नये.

कांठावर वाळा लावावा. त्याचीं मुळें खोल जाऊन माती धरून ठेवतात. वरच्या कोरड्या भागांत कोरफड व तरवड, आणि शेवटच्या ओलसर जागीं कर्दळ शोभते. दरवर्षीं मृगापूर्वीं पालापाचोळा व गाळ काढावा. फटी बुजल्या म्हणजे ओढा नुसता देखावा उरतो.

आपल्या मुलखांत पाऊस थोडा पडतो, पण येतो तेव्हां घाईनें येतो. त्याची घाई मोडून त्यास अंगणांत घटकाभर थांबविणें, एवढेंच या कोरड्या ओढ्याचें काम आहे. तें त्यानें नीट केलें, तर विहिरीचा झरा उन्हाळ्यांत कांहीं दिवस अधिक टिकेल. आणि ज्या घरानें टँकरमागें घागरी घेऊन धांवण्याचे दिवस पाहिले आहेत, त्यास त्या कांहीं दिवसांचें मोल सांगावें लागणार नाहीं.