मी एक की दोन?

आपली स्मृती, आपला स्वभाव, आपले विचार यांची तंतोतंत प्रत कोणी निर्माण केली, तर त्या प्रतीच्या रूपाने जगेल ते आपणच काय? प्रश्न काल्पनिक खरा. परंतु ‘मी’ या शब्दाचा अर्थ तपासून पाहण्यास तो फार उपयोगी आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ साली असे प्रतिपादन केले की, व्यक्तीचे एकत्व देहावर नव्हे, तर जाणिवेच्या सातत्यावर अवलंबून असते. राजपुत्राची जाणीव सर्व स्मृतींसह एखाद्या मोच्याच्या देहात शिरली, तर ती व्यक्ती राजपुत्रच ठरेल. येथे जाणिवेने घर बदलले, एवढेच.

ऑक्सफर्डचे डेरेक पार्फिट यांनी १९८४ सालच्या आपल्या ग्रंथात याहून अवघड पेच मांडला. एक यंत्र पृथ्वीवरील माणसाच्या प्रत्येक पेशीची नोंद घेते, त्याचा देह नष्ट करते आणि नोंदीबरहुकूम मंगळावर तसाच माणूस घडविते. पुढे सुधारलेले यंत्र येते. ते मूळ देह नष्ट करीत नाही. मात्र त्याच्या हृदयास इजा होते आणि मरण थोड्याच दिवसांवर येते. मंगळावरील प्रत त्याचा संसार सांभाळील, अपुरा ग्रंथ पुरा करील. एवढ्याने त्याचे समाधान व्हावे काय?

‘तो मीच’ असे दोघेही म्हणतात आणि दोघांच्या स्मृती सारखीच साक्ष देतात. तरी एकाचा दात दुखला तर दुसऱ्यास कळत नाही. सातत्याला फाटे फुटू शकतात, एकत्वाला नाही. लॉकची कसोटी येथेच अपुरी पडते.

पार्फिट म्हणतात, महत्त्व एकत्वाला नसून स्मृती, हेतू व जिव्हाळा पुढे चालू राहण्याला आहे. बुद्धाचा विचार आपल्या मताशी जुळतो, असेही त्यांनी नमूद केले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदास रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त देतो: पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत तीच नव्हे, आणि अगदी निराळीही नव्हे.

परंतु ज्योतीला मरणाचे भय नसते, माणसाला असते. त्या मरणासन्न माणसाचे पाहणे, ऐकणे संपणारच, आणि त्याचे दुःख युक्तिवादाने पुसले जाणार नाही. तथापि, आपल्यामागे संतती, शिष्य आणि कार्य यांतून जे उरते ते आणि मंगळावरची ती प्रत यांत भेद असला, तर तो कमीअधिकपणाचाच आहे. हे ध्यानी आले म्हणजे मरण टळत नाही, पण त्याची धार थोडी बोथट होते.