व्हीलॅन आहेत ना, मग व्हर्च्युअल राउटर कशाला?

स्विचच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘व्हर्च्युअल राउटर’ किंवा ‘व्हीआरएफ’ असं काही दिसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘व्हीलॅन वेगळे केलेत ना, मग हे लफडं कशाला?’ नुकताच कोर्स संपवून कामाला लागलेला मुलगा हे म्हणाला तर त्याला समजावता येतं. पण रॅकपुढे उभं राहून केस पांढरे झालेले साहेबही तेच म्हणतात, आणि वर ‘व्हीलॅनचंच जरा भारी नाव आहे ते’ अशी पुस्ती जोडतात. नाव भारी असेल किंवा नसेल, काम मात्र व्हीलॅनचं नाही.

व्हीलॅन काय करतो ते आधी पाहू. तो स्विचच्या पोर्टांचे गट पाडतो आणि एका गटातला ब्रॉडकास्ट दुसऱ्या गटात जाऊ देत नाही. त्यासाठी फ्रेमवर १२ बिटांचा एक क्रमांक लागतो. त्यातले ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला ४०९४ उरतात. आयईईईच्या ८०२.१क्यू या मानकात हे १९९८ पासून लिहिलेलं आहे. हा सगळा कारभार दुसऱ्या थरावरचा, मॅक पत्त्यांच्या पातळीवरचा. स्विच निव्वळ लेयर-२ चा असेल तर व्हीलॅन खरोखरच वेगळे राहतात, कारण एकातून दुसऱ्यात नेणारं त्या पेटीत कोणी नसतंच.

गोम पुढे आहे. मध्यभागी बसवलेला स्विच आज बहुतेक ठिकाणी लेयर-३ चा असतो, म्हणजे तो स्वतःच राउटर असतो. प्रत्येक व्हीलॅनसाठी आपण त्याच्यावर एक आयपी पत्ता देतो आणि तो पत्ता त्या व्हीलॅनमधल्या संगणकांचा गेटवे होतो. पत्ता दिला आणि इंटरफेस चालू झाला की ते नेटवर्क ‘थेट जोडलेलं’ म्हणून राउटिंग टेबलात नोंदलं जातं. दुसऱ्या व्हीलॅनचं नेटवर्कही त्याच टेबलात जातं, तिसऱ्याचंही. आता राउटिंग चालू असेल तर स्विच एकाचं पॅकेट दुसऱ्यात बिनबोभाट पोचवतो. त्याला तसं वेगळं सांगावं लागत नाही, राउटरचं कामच ते. सीसीटीव्ही व्हीलॅन ३०, हिशेब विभाग ४०, पाहुण्यांचं वायफाय ५०. आराखड्यात तिन्ही वेगवेगळ्या रंगांत रंगवलेले, आणि प्रत्यक्षात पाहुण्याच्या फोनवरून हिशेबाच्या सर्व्हरला पिंग जातोय. व्हीलॅननं आपलं काम चोख केलेलं असतं. वाट उघडलेली असते ती एक थर वर, सामाईक राउटिंग टेबलात.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘अ‍ॅक्सेस लिस्ट लावू.’ जरूर लावा. पण दहा व्हीलॅन असतील तर त्यांच्या जोड्या ४५ होतात आणि अकरावा आला की आणखी दहा वाढतात. प्रत्येक जोडीचा विचार कोणीतरी केलेला असायला हवा, ओळींचा क्रम चुकता कामा नये, आणि नवा व्हीलॅन जोडणाऱ्याला जुनी लिस्ट आठवायला हवी. इथे मूळ नियम ‘सगळ्यांना जाऊ द्या’ असा असतो आणि आपण अपवाद लिहीत बसतो. विसरलात की वाट उघडी.

व्हर्च्युअल राउटर हा नियमच उलटा करतो. एकाच स्विचमध्ये तो दुसरं, पूर्णपणे स्वतंत्र राउटिंग टेबल तयार करतो आणि काही इंटरफेस त्याच्या नावावर करतो. त्या इंटरफेसवर आलेलं पॅकेट फक्त त्याच टेबलात पाहिलं जातं. पलीकडच्या नेटवर्कची तिथे नोंदच नसेल तर पॅकेट टाकून दिलं जातं, अ‍ॅक्सेस लिस्टची एकही ओळ न लिहिता. एकच दिवाणजी दोन पेढ्यांची कामं पाहतो पण खतावण्या दोन ठेवतो, तसं हे आहे. एका पेढीचा गुमास्ता आला की दिवाणजी त्याच पेढीची खतावणी उघडतो, दुसरीत काय लिहिलंय याचा त्या व्यवहाराशी संबंध नाही.

टेबलं वेगळी झाली की व्हीलॅनला कधीच न जमणारी एक गोष्ट जमते. खासगी वापराचे पत्ते आरएफसी १९१८ नं १९९६ साली ठरवून दिले, आणि तेव्हापासून अर्धं जग १९२.१६८ किंवा १० नं सुरू होणारे पत्ते वापरतं. समजा एका व्यापारी संकुलातल्या दोन कार्यालयांना एकच मोठा स्विच सेवा देतोय आणि दोघांकडेही आधीपासून १९२.१६८.१.०/२४ आहे. व्हीलॅन वेगळे करा, हवे तितके करा. एकाच टेबलात दोन इंटरफेसना एकच नेटवर्क देऊ लागलात की स्विच तिथेच अडवतो, कारण १९२.१६८.१.२५ कडे जायचं म्हणजे नक्की कुठल्या बाजूला, हे त्याला कसं कळणार? दोन व्हर्च्युअल राउटर केले की दोघांचे पत्ते जसेच्या तसे राहतात आणि कोणालाही संगणकांचे क्रमांक बदलायला लावावे लागत नाहीत.

खरं तर ही कल्पना याच अडचणीतून रूढ झाली. दूरसंचार कंपन्यांना एकाच यंत्रणेवर शेकडो ग्राहकांची खासगी नेटवर्कं चालवायची होती आणि ग्राहकांचे पत्ते एकमेकांवर चढत होते. एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्तर यांनी १९९९ साली आरएफसी २५४७ मध्ये यावर मार्ग मांडला: कंपनीच्या कडेच्या राउटरवर एकाऐवजी अनेक स्वतंत्र टेबलं ठेवायची. २००६ च्या आरएफसी ४३६४ नं त्याची जागा घेतली. पुढे कार्यालयातल्या, कॉलेजातल्या स्विचवर हीच सोय दूरसंचार कंपन्यांच्या एमपीएलएस यंत्रणेशिवाय आली, ती सिस्कोच्या बोलीत ‘व्हीआरएफ-लाइट’.

लहान कॅम्पसमध्ये याचा सर्वांत मोठा उपयोग फायरवॉलसाठी होतो, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो. सगळे गेटवे स्विचच्या एकाच टेबलात असले तर एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणारी वाहतूक स्विचमधूनच वळते आणि महागडा फायरवॉल शेजारी नुसता उभा राहतो. सगळे गेटवे फायरवॉलवर नेले तर वाहतूक तपासली जाते, पण एकाच विभागातल्या दोन व्हीलॅनमधली निरुपद्रवी वाहतूकही त्याच्या बोकांडी बसते. व्हर्च्युअल राउटरनं मधला मार्ग निघतो. आपापसात बोलायला हरकत नसलेले व्हीलॅन एका व्हर्च्युअल राउटरमध्ये ठेवायचे आणि फायरवॉलचा एकेक पाय प्रत्येक व्हर्च्युअल राउटरमध्ये ठेवायचा. गटातली वाहतूक स्विचच्या वेगानं होते, गटाबाहेर जायचं असेल तर फायरवॉलशिवाय रस्ताच नाही.

आता दुसरा गैरसमज, जो खरोखर वैताग आणतो: ‘आम्ही व्हर्च्युअल राउटर वापरतच नाही.’ वापरता, फक्त माहीत नाही. सिस्कोच्या नेक्सस स्विचवर ‘डीफॉल्ट’ आणि ‘मॅनेजमेंट’ असे दोन व्हीआरएफ पहिल्या दिवसापासून असतात. व्यवस्थापनाचा पोर्ट मॅनेजमेंटमध्येच असतो, दुसरीकडे हलवताही येत नाही. एक्स्ट्रीमच्या स्विचवर ‘व्हीआर-मॅनेजमेंट’, ‘व्हीआर-कंट्रोल’ आणि ‘व्हीआर-डीफॉल्ट’ असे तीन आयते मिळतात, त्यातला मधला स्विचच्या अंतर्गत कामासाठी. ज्युनिपरवर याच जातीच्या गोष्टींना ‘राउटिंग इन्स्टन्स’ म्हणतात.

हे माहीत नसल्यानं जी फजिती होते ती पाहण्यासारखी असते. व्यवस्थापनाच्या पोर्टला पत्ता दिला, केबल लावली, लॅपटॉपवरून लॉगिनही झालं. मग स्विचवरून त्याच लॅपटॉपला पिंग केलं तर उत्तर नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला, शेवटी ‘स्विच खराब आहे’ असा निकाल. स्विच ठणठणीत असतो, पिंग दुसऱ्याच टेबलातून निघालेला असतो. नेक्ससवर पिंगपुढे ‘व्हीआरएफ मॅनेजमेंट’ जोडलं की उत्तर येतं. वेळ जुळवणारा एनटीपी, नोंदी पाठवणारा सिसलॉग, लॉगिन तपासणारा रेडियस, सगळ्यांचं हेच: सर्व्हर कुठल्या टेबलातून गाठायचा ते सांगावं लागतं.

आणि हा पोर्ट वेगळ्या टेबलात ठेवण्यामागे ठोस कारण आहे. तो स्विचच्या वेगवान चिपला नव्हे, थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. वापरकर्त्यांची वाहतूक त्यातून जाणं कोणालाच नको असतं. व्यवस्थापनाचं आणि वापरकर्त्यांच्या वाहतुकीचं टेबल एक असतं तर डीफॉल्ट रूटवरून भांडण लागलं असतं. व्यवस्थापनाच्या पोर्टवर आलेल्या विनंतीचं उत्तर भलत्याच बाजूनं बाहेर पडलं असतं. आणि डेटा नेटवर्कच्या राउटिंगमध्ये कोणी घोळ घातला तर तो दुरुस्त करायला आत शिरण्याची वाटही त्याच घोळात गेली असती.

ही भीती पुस्तकी नाही. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचं जाळं कोसळलं. एका राउटरवरचा मार्ग गाळणारा फिल्टर काढला गेला, मार्गांचा पूर कोअर राउटरांवर आला आणि १.२ कोटींहून जास्त ग्राहक एका दिवसाहून अधिक काळ खोळंबले. तिथल्या दूरसंचार नियामकासाठी झोना पार्टनर्सनं केलेल्या पाहणीत एक मुद्दा ठळक आहे: कंपनीचं व्यवस्थापनाचं जाळं त्याच कोअरवर अवलंबून होतं, त्यामुळे कोअर पडल्यावर इंजिनियरांना राउटरांपर्यंत पोचताच येईना. म्हणून हेही सांगायला हवं की स्विचमधला मॅनेजमेंट व्हीआरएफ हे निम्मंच काम आहे. त्या पोर्टची केबल त्याच रॅकमधल्या, त्याच कोअरवर लटकलेल्या स्विचमध्ये खोचली असेल (आणि बहुतेक ठिकाणी ती तशीच खोचलेली दिसते), तर वेगळ्या टेबलाचा उपयोग ऐन आणीबाणीत शून्य.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू.

‘व्हर्च्युअल म्हणजे सॉफ्टवेअर, म्हणजे हळू.’ नाही. मार्ग शोधण्याचं काम चिपच करते, शोधताना पत्त्याबरोबर टेबलाचा क्रमांकही पाहते इतकंच. जागा मात्र वाटून घ्यावी लागते. चिपमधल्या मार्गांच्या नोंदींची मर्यादा सगळ्या व्हर्च्युअल राउटरांना मिळून एकच असते.

‘एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.’ वीजपुरवठा एक, प्रोसेसर एक, पेटी एक. दिवाणजी आजारी पडला की दोन्ही पेढ्यांचं काम थांबतं.

‘यानं डेटा सुरक्षित होतो.’ वेगळा होतो, कूटबद्ध होत नाही. व्हीआरएफवर उभ्या खासगी जाळ्यांच्या सुरक्षिततेची चिकित्सा आरएफसी ४३८१ मध्ये आहे. नीट बांधलेलं जाळं फ्रेम रिले किंवा एटीएम या जुन्या नेटवर्क तंत्रांच्या तोडीचं, एवढंच ती म्हणते. केबलवर कान लावणाऱ्याला सगळं ऐकू येतं.

‘व्हीआरआरपीमध्ये असतो तोच हा व्हर्च्युअल राउटर.’ हा तर परीक्षेतही लिहिला जातो. व्हीआरआरपीत दोन किंवा अधिक पेट्या मिळून एकच गेटवे असल्याचं दाखवतात, म्हणजे एक पडली तरी संगणकांना कळतही नाही. इथे एक पेटी अनेक राउटर असल्यासारखी वागते. दोन्ही एकाच स्विचवर गुण्यागोविंदानं नांदू शकतात, पण एकाचं काम दुसरा करत नाही.

‘चालू नेटवर्कवर इंटरफेस व्हीआरएफमध्ये टाकणं म्हणजे एका ओळीचं काम.’ ओळ एकच, पण सिस्कोच्या स्विचवर ती दिली की त्या इंटरफेसचा आयपी पत्ता पुसला जातो. तशी सूचना पडद्यावर येते, फक्त तुम्ही त्याच पत्त्यावरून लॉगिन केलेलं असेल तर ती वाचायला तुम्ही तिथे उरलेले नसता. पत्ता आधी टिपून ठेवा आणि हे काम कन्सोलवरून करा.