विश्लेषण : घासूनही बाथरूममधली बुरशी परत का येते?

पावसाळा सुरू होऊन महिना उलटला की मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यातल्या घरांमध्ये एक ठरलेले दृश्य दिसू लागते. बाथरूमच्या छताच्या कोपऱ्यात राखाडी ठिपके, टाइल्सच्या जोडांत काळ्या रेघा आणि दार उघडताच येणारा कुबट वास. रविवारी तासभर ब्रश मारला की भिंत लख्ख होते. पंधरा दिवसांत ठिपके पुन्हा त्याच जागी हजर. कारण पुसली जाते ती बुरशी, ओल तशीच राहते. शिवाय घासण्याच्या नादात केलेले रसायनांचे मिश्रण बुरशीपेक्षाही घातक ठरू शकते.

बुरशीला काय लागते?

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. ते घरात येऊ न देणे कुणालाही शक्य नाही. त्यांना वाढायला पाणी आणि अन्न लागते. टाइल किंवा काच हे त्यांचे अन्न नव्हे. त्यावर साचलेला साबणाचा थर, अंगाचे तेल, त्वचेच्या मृत पेशी हे अन्न. म्हणून बुरशी आधी दिसते ती साबणदाणीच्या मागे, नळाच्या बुडाशी आणि कमरेच्या उंचीपर्यंतच्या टाइल्सच्या जोडांत. बादलीच्या तळाशी किंवा मगच्या कडेला धरणारा गुलाबी बुळबुळीत थर मात्र बहुतेक वेळा बुरशीचा नसतो. तो सहसा ‘सेराशिया मार्सेसेन्स’ या जिवाणूचा असतो. साबणाने घासून भांडे पालथे, कोरडे ठेवले तर तो टिकत नाही.

ओला पृष्ठभाग २४ ते ४८ तासांत पूर्ण कोरडा झाला, तर बुरशीला सहसा पाय रोवता येत नाहीत. चार माणसांच्या घरात हीच अडचण असते. सकाळी सहा ते नऊ अंघोळी, मग कपडे, दुपारी फरशी पुसण्याचे पाणी, संध्याकाळी पुन्हा हातपाय धुणे. पावसाळ्यात बाथरूम दिवसभरात एकदाही कोरडे होत नाही.

खिडकी उघडी असूनही?

घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी, असे सांगितले जाते. कोकण किनाऱ्यावर जुलैमध्ये बाहेरचीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे नुसती खिडकी उघडी ठेवून भिंत वाळेल, ही अपेक्षा त्या दिवसांत फोल ठरते. त्यात अनेक इमारतींमध्ये बाथरूमची खिडकी उघडते ती डक्टमध्ये, जिथे वरच्या-खालच्या घरांची वाफही येऊन मिळते.

गरम पाण्याने अंघोळ केल्यावर काय होते? ३० अंश तापमानाची, वाफेने पूर्ण भरलेली हवा प्रत्येक घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी धरून ठेवते. २५ अंशांच्या भिंतीला लागून ती गार झाली की तिला २३ ग्रॅमच धरता येते. उरलेले पाणी थेंब होऊन भिंतीवर बसते. छताचे कोपरे आणि बाहेरच्या बाजूची भिंत आधी काळी पडते, ती यामुळे.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय वायपर आहे. शेवटच्या अंघोळीनंतर टाइल्स आणि फरशीवरून वायपर फिरवला, तर बरेचसे पाणी वाफ होण्याआधीच मोरीत जाते. पाणी मोरीत ढकलणे सोपे, हवेत गेलेले पाणी घराबाहेर काढणे कठीण. या कामाला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि घरात ते नेमके कुणी करायचे यावर वाद होतो, हेही खरे.

दुसरा उपाय एक्झॉस्ट फॅनचा. अंघोळ संपल्यावर तो लगेच बंद केला जातो, तिथेच चूक होते. तो आणखी २० ते ३० मिनिटे चालायला हवा. ३० वॉटचा पंखा रोज एक तास चालला तरी महिन्याला एक युनिटही जळत नाही. पण पंख्याने हवा बाहेर काढायची तर तितकीच हवा आत यायला वाट हवी. दाराखाली बोटभर फट नसेल तर दार थोडे किलकिले ठेवावे. पंख्याच्या शेजारचीच खिडकी उघडी असेल तर पंखा तिथलीच हवा ओढतो आणि कोपरे ओलेच राहतात. पंखा ओढतो की नुसता फिरतो, हे जाळीजवळ टिश्यू पेपर धरून पाहता येते. कागद जाळीला चिकटायला हवा. पंखाच नसेल तर बाथरूमचे दार उघडे ठेवून खोलीतला पंखा लावणेही उपयोगी पडते.

आणि कपडे. पिळून बाथरूममधल्या दोरीवर टाकलेल्या एका मशिनभर कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जाते. ते कपडे खोलीत पंख्याखाली, खिडकीजवळ वाळत घालणे बरे.

ॲसिड ओतल्यावर...

काळ्या रेघा दिसल्या की अनेक घरांत बाटलीतले ॲसिड ओतले जाते. टाइल चकाकते, पण जोडांतले ग्राउट सिमेंटचे असते आणि ॲसिड ते खाते. ग्राउट खडबडीत, सच्छिद्र होते, त्यात पाणी आणि साबण अधिक मुरतो आणि पुढच्या वर्षी रेघा जास्त काळ्या होतात.

खरा धोका त्यापुढचा आहे. ॲसिडने भागले नाही म्हणून त्यावरच ब्लीच ओतले, तर क्लोरीन वायू तयार होतो. टॉयलेट साफ करण्याच्या अनेक द्रावणांतही हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, त्यामुळे तेही ब्लीचसोबत चालत नाही. व्हिनेगर नाही, अमोनिया असलेला काच-क्लीनरही नाही. दार बंद असलेल्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये हा वायू काही क्षणांत डोळे, घसा आणि फुप्फुसांवर परिणाम करतो. उग्र वास येऊन खोकला सुरू झाला, तर सांडलेले आवरत न बसता आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि त्रास थांबत नसेल तर डॉक्टरकडे जावे.

वापरायचेच तर एका वेळी एकच रसायन. आधी साबणाच्या पाण्याने घासून थर काढावा, धुवावे, मग चार लिटर पाण्यात जास्तीत जास्त एक कप ब्लीच मिसळून लावावे. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. रील्समधला बेकिंग सोडा आणि व्हिनेगरचा फेस पाहायला छान वाटतो, पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात. उरते जवळजवळ साधे खारे पाणी.

बेसिनच्या कडेच्या सिलिकॉनमध्ये आत शिरलेला काळेपणा मात्र कशानेच जात नाही. ती पट्टी कापून, जागा पूर्ण वाळवून नवी भरणे हाच मार्ग. छतावर बुरशी न काढता रंग मारणे म्हणजे पैसे वाया घालवणे. जुन्या घरांत दरवर्षी चुन्याचा हात दिला जाई, त्यात व्यवहार होता : ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशी त्यावर सहसा धरत नाही.

दुर्लक्ष केले तर?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत श्वसनाचे विकार आणि दम्याचा त्रास अधिक आढळतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ब्रिटनमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्याने श्वसनाचा विकार झाल्याचे २०२२ च्या चौकशीत स्पष्ट झाले. त्यानंतर तिथे सामाजिक गृहनिर्माणातील घरमालकांवर ठरावीक मुदतीत दुरुस्ती बंधनकारक करणारा ‘अवाब कायदा’ आला. प्रत्येक काळा ठिपका जीवघेणा नसतो. पण घरात दमेकरी, तान्हे मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल तर टाळाटाळ नको.

ओल वरच्या घरातून येत असेल तर?

मग वायपर आणि पंखा दोन्ही निरुपयोगी. ओळखायची सोपी युक्ती : ओली दिसणारी जागा पुसून त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरच्या बाजूला असतील तर ती बाथरूमची वाफ. आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपलाइनमधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. सदनिकेच्या आतल्या बाथरूममधून होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सदस्याचा. तक्रार करताना प्लंबरला दोन्ही घरे दाखवून, तारखेसह फोटो काढून सोसायटीला लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.